सूत्रं पाठ न करता फिजिक्स शिकायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आहे: धडा वाचला की समजतो, सूत्रं सगळी पाठ आहेत, सोडवलेली उदाहरणं पाहिली की पटतात, पण नवीन गणित समोर आलं की कोणतं सूत्र लावायचं तेच सुचत नाही. ‘सूत्रं पाठ करू नका, मूलभूत तत्त्वांवरून शिका’ असं सगळेच सांगतात. ती तत्त्वं कोणती, आणि रोज अभ्यासाला बसल्यावर त्यांचं करायचं काय?

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. सूत्र आठवलं नाही म्हणून गणित चुकलं, असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा सूत्र अगदी बरोबर आठवतं आणि जिथे ते लागूच पडत नाही तिथे लावलं जातं. प्रत्येक सूत्रामागे काही अटी असतात: त्वरण स्थिर आहे, घर्षण नाही, बाहेरून बल लागत नाही, बदल संथपणे होतो आहे. पाठ करताना सूत्र डोक्यात राहतं आणि अटी गळून पडतात. तेच सूत्र तत्त्वापासून स्वतः काढलं, तर अट नेमकी कोणत्या ओळीत आत शिरली ते दिसतं. एकदा ते दिसलं की सहसा विसरत नाही. तत्त्वांवरून शिकण्याचा मुख्य फायदा हाच आहे. पाठांतर कमी होतं हा त्यातला दुय्यम भाग.

१९८१ मध्ये मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर या संशोधकांनी नवशिक्यांना आणि विषयात मुरलेल्यांना यंत्रशास्त्राची गणितं दिली आणि ती न सोडवता फक्त त्यांचे गट पाडायला सांगितले. नवशिक्यांनी उताराची गणितं एका ढिगात टाकली, स्प्रिंगची दुसऱ्या आणि कप्पीची तिसऱ्या. मुरलेल्यांच्या ढिगात उतार आणि स्प्रिंग शेजारी शेजारी पडले होते, कारण दोन्ही गणितं ऊर्जा अक्षय्यतेने सुटणारी होती. तुमची अडचण इथेच आहे. गणितात कप्पी दिसली की तुम्ही ‘कप्पीचं सूत्र’ शोधता.

समीकरणं सगळी एका तोलाची नसतात

पुस्तकात सगळी समीकरणं एकाच चौकटीत, एकाच ठशात छापलेली असतात. त्यामुळे सगळी सारखीच महत्त्वाची वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाशी वेगळं वागावं लागतं.

पहिला प्रकार व्याख्यांचा. वेग म्हणजे विस्थापन बदलण्याचा दर, संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, विद्युतधारा म्हणजे प्रभार वाहण्याचा दर. या पाठच हव्यात, आणि शब्दांसकट पाठ हव्यात. दुसरा प्रकार खऱ्या तत्त्वांचा. ते थोडेच आहेत, खाली येतात. तिसरा प्रकार पदार्थाच्या स्वभावाचा. ओमचा नियम, हुकचा नियम, घर्षणाचा नियम ही काही निसर्गाची सर्वव्यापी तत्त्वं नाहीत. काही पदार्थ काही मर्यादेत असे वागतात, एवढंच ती सांगतात. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, म्हणून विभवांतर दुप्पट केलं तर धारा दुप्पट होत नाही. चौथा प्रकार निष्पत्तींचा: पहिल्या तिघांपासून एखाद्या ठरावीक परिस्थितीसाठी काढलेली सूत्रं. पुस्तकातली बहुतेक समीकरणं या चौथ्या प्रकारात मोडतात, आणि नेमकी हीच मुलं घोकतात.

तिसऱ्या प्रकारात गफलत कशी होते ते घर्षणावरून पाहा. ५ किलोचा ठोकळा सपाट जमिनीवर आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४, गुरुत्वत्वरण १० धरू. घर्षणांक गुणिले लंब बल काढलं की २० न्यूटन येतात. आता ठोकळ्याला १० न्यूटनने आडवं ओढलं, तर घर्षण किती? पाठांतरवाला लगेच २० म्हणतो. मग ठोकळा ओढल्याच्या उलट दिशेने पळायला हवा! ठोकळा जागचा हललेला नाही, म्हणून त्यावरचं एकूण बल शून्य आणि घर्षण १० न्यूटन. २० ही त्याची कमाल मर्यादा आहे. उत्तर दुसऱ्या नियमातून आलं. घर्षणाच्या नियमाने फक्त ते मर्यादेत बसतं की नाही हे सांगितलं.

आता तत्त्वं. यंत्रशास्त्रात न्यूटनचा दुसरा नियम (बल आणि त्वरण दोन्हींना दिशा असते हे धरून), तिसरा नियम, आणि संवेग, ऊर्जा, कोनीय संवेग या तिघांची अक्षय्यता. उष्णतेत उष्मागतिकीचा पहिला आणि दुसरा नियम, शिवाय पदार्थ सतत हलणाऱ्या कणांचा बनला आहे ही कल्पना. विजेत प्रभाराची अक्षय्यता, कूलोमचा नियम, अनेक प्रभारांच्या परिणामांची सरळ दिशेसह बेरीज होते हे अध्यारोपणाचं तत्त्व, धारेमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होणं आणि बदलत्या चुंबकीय अभिवाहामुळे विभव निर्माण होणं. तरंगांत पुन्हा अध्यारोपण. आधुनिक भागात प्रकाशाची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात पुड्यांमध्ये येते हे, आणि कणाला तरंगलांबी असते हे. शालेय आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्सला एवढा ऐवज जवळपास पुरतो. अक्षय्यतेचे नियम मुळात का असावेत, याचंही उत्तर आहे: गणितज्ञ एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, निसर्गाचे नियम काळानुसार बदलत नसतील तर ऊर्जा अक्षय्य राहते आणि जागेनुसार बदलत नसतील तर संवेग. हे वाचायला अतिशय सुंदर आहे, पण सुरुवात तिथून करू नका. त्याचं गणित नंतरचं आहे.

एकच गणित, जवळून

दोरीला टांगलेला १.९९ किलोचा लाकडी ठोकळा स्थिर आहे. १० ग्रॅमची गोळी २०० मीटर प्रतिसेकंद वेगाने आडवी येऊन त्यात रुतते. ठोकळा झोका घेऊन किती उंच जाईल?

ऊर्जा अक्षय्य असते हे पाठ आहे, म्हणून घाईत असं केलं जातं: गोळीची गतिज ऊर्जा अर्धा गुणिले ०.०१ गुणिले २००चा वर्ग, म्हणजे २०० ज्यूल. ती सगळी स्थितिज ऊर्जा झाली असं धरून २ किलोला उचललं, की उंची येते सुमारे १० मीटर. दहा मीटर म्हणजे तीन मजले. बंदुकीच्या गोळीने लाकडाचा ठोकळा तीन मजले उडणार नाही, हे इथेच खटकायला हवं.

आता हळू जाऊ. घटनेचे दोन टप्पे आहेत आणि दोन्हींत वेगळी तत्त्वं टिकतात. पहिला टप्पा गोळी रुतण्याचा. तो इतक्या कमी वेळात संपतो की ठोकळा जवळपास जागचा हलत नाही. दोरी उभी असते, तिचा ताण आणि गुरुत्व दोन्ही उभ्या दिशेने. म्हणजे गोळी आणि ठोकळा मिळून जी प्रणाली होते, तिच्यावर आडव्या दिशेने बाहेरचं बल नाही. आडवा संवेग अक्षय्य. ऊर्जा मात्र अक्षय्य राहिली असं म्हणता येत नाही, कारण लाकूड फाटतंय, तापतंय. संवेग ०.०१ गुणिले २०० म्हणजे २. एकूण वस्तुमान २ किलो. म्हणून रुतल्यानंतरचा वेग १ मीटर प्रतिसेकंद.

दुसरा टप्पा झोक्याचा. इथे दोरी तिरपी होते, ताणाला आडवा घटक येतो, गुरुत्व सतत खाली ओढतंय. संवेग आता अक्षय्य नाही. पण ताण नेहमी गतीला लंब असतो, म्हणून तो काहीच कार्य करत नाही. कार्य करतं ते फक्त गुरुत्व. यांत्रिक ऊर्जा अक्षय्य. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्वत्वरण, म्हणजे १ भागिले १९.६, उंची सुमारे ५ सेंटिमीटर.

१० मीटर आणि ५ सेंटिमीटर: दोनशे पट फरक, आणि दोन्ही उत्तरांत वापरलेली सूत्रं बरोबरच होती. रुतल्यानंतर उरलेली गतिज ऊर्जा अर्धा गुणिले २ गुणिले १, म्हणजे फक्त १ ज्यूल. बाकीचे १९९ ज्यूल लाकडात आणि गोळीत उष्णता होऊन, तंतू तोडून गेले. हे गणित पुस्तकात ‘बॅलिस्टिक पेंड्युलम’ नावाने असतं आणि त्याचं थेट सूत्रही दिलेलं असतं. ते सूत्र पाठ केलं तर या दोन टप्प्यांचा सांधाच दिसत नाही; आणि गोळी आरपार गेली किंवा ठोकळा दोरीऐवजी स्प्रिंगला जोडला, की ते सूत्र निरुपयोगी. टप्पे ओळखता येत असतील तर गणितात फक्त एक ओळ बदलते.

आता विजेकडे वळा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० व्होल्टवर भरला आहे. तो तेवढ्याच धारकतेच्या दुसऱ्या रिकाम्या कपॅसिटरला जोडला. प्रभार अक्षय्य, म्हणून दोघांवर ५०-५० व्होल्ट येतात. आधीची ऊर्जा ०.५ ज्यूल, नंतरची दोघांची मिळून ०.२५. निम्मी कुठे गेली? तारेच्या रोधात तापून, थोडी ठिणगीत. रोध कमी केला तरी नुकसान तेवढंच राहतं. धारा जास्त वाहते आणि काम लवकर उरकतं, इतकाच फरक. आता २ मीटर प्रतिसेकंदाने येणारी १ किलोची गाडी तशाच दुसऱ्या स्थिर गाडीला चिकटली असं समजा: वेग १ मीटर प्रतिसेकंद, गतिज ऊर्जा २ ज्यूलची १ ज्यूल. पुन्हा निम्मी. संवेगाच्या जागी प्रभार ठेवा, वस्तुमानाच्या जागी धारकता, वेगाच्या जागी विभवांतर. समीकरणं अक्षरशः तीच आहेत. सूत्रांच्या वहीत ही दोन गणितं दोन वेगळ्या धड्यांत, एकमेकांचा पत्ता नसल्यासारखी पडलेली असतात.

अट कुठे शिरते

गतीची तीन समीकरणं घ्या. वेग–काळ आलेख काढा. स्थिर त्वरण म्हणजे सरळ रेषा. रेषेचा चढ म्हणजे त्वरण, हे पहिलं समीकरण. रेषेखालच्या समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, हे दुसरं. दोन्हींतून काळ काढून टाकला की तिसरं. एका चित्रात तिन्ही मिळाली, आणि अटही चित्रातच दिसते: रेषा सरळ नसेल तर समलंब चौकोनच उरत नाही.

तरीही स्प्रिंगच्या गणितात हीच समीकरणं सर्रास घुसडली जातात. बलांक २०० न्यूटन प्रतिमीटरची स्प्रिंग १० सेंटिमीटर दाबून अर्ध्या किलोचा ठोकळा घर्षणरहित पृष्ठभागावर सोडला. सुरुवातीचं बल २० न्यूटन, त्वरण ४०. तिसऱ्या समीकरणाने वेगाचा वर्ग ८, वेग सुमारे २.८ मीटर प्रतिसेकंद. चूक. स्प्रिंग मोकळी होत जाते तसं बल २० वरून शून्यावर येतं, त्वरण स्थिर नाही. बल–विस्थापन आलेखाखाली आयत नाही, त्रिकोण आहे. त्याचं क्षेत्रफळ अर्धा गुणिले २० गुणिले ०.१, म्हणजे १ ज्यूल. ते गतिज ऊर्जेच्या बरोबर मांडलं की वेग येतो २ मीटर प्रतिसेकंद. इथे एक गोष्ट जरूर करून पाहा: तिसऱ्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना निम्म्या वस्तुमानाने गुणा. समोर येईल ते ‘केलेलं कार्य बरोबर गतिज ऊर्जेतला बदल’ हेच, स्थिर बलापुरतं. म्हणजे तिसरं समीकरण हे ऊर्जेच्या तत्त्वाचंच एक छोटं रूप होतं.

लंब बलाचा घोळ याहून जास्त मुलांना नडतो. उतारावरच्या ठोकळ्याचं लंब बल ‘एम जी कॉस थीटा’ हे इतकं घोकलेलं असतं की बँकिंग केलेल्या, म्हणजे बाहेरची कड उचललेल्या, वळणावरही तेच लिहिलं जातं. आकृती दोन्हीकडे सारखीच दिसते: तिरपा पृष्ठभाग, त्यावर वस्तू. फरक त्वरणाच्या दिशेचा आहे. उतारावरून घसरणारा ठोकळा उताराला समांतर त्वरण घेतो, त्यामुळे उताराला लंब दिशेत त्वरण शून्य, म्हणून त्या दिशेतली बलं एकमेकांना तोलतात. लंब बल वजनाच्या कॉस थीटा पट. घर्षणाशिवाय वळण घेणारी गाडी मात्र वर्तुळाच्या केंद्राकडे, आडवं त्वरण घेते. तिच्यासाठी उभ्या दिशेतलं त्वरण शून्य आहे; लंब बलाचा उभा घटक वजनाएवढा, म्हणजे लंब बल वजन भागिले कॉस थीटा. कोन ३० अंश असेल तर पहिलं वजनाच्या ०.८७ पट आणि दुसरं १.१५ पट.

म्हणून बलांची गणितं करताना क्रम पाळा. एकच वस्तू निवडा. तिला कोण कोण स्पर्श करतं ते मोजा. प्रत्येक स्पर्शाचं बल आणि त्यात गुरुत्व, एवढेच बाण. ‘अभिकेंद्री बल’ असा वेगळा बाण कधीही काढू नका; ते कुठल्या तरी खऱ्या बलाने, म्हणजे ताणाने, घर्षणाने किंवा गुरुत्वाने, पार पाडायचं काम आहे. प्रत्येक बाणाला ‘हे कोण लावतं?’ असं विचारा. उत्तर नसेल तर बाण खोडा. मग त्वरणाची दिशा ठरवा, आणि एक अक्ष त्या दिशेने घ्या. अक्ष आधी आणि त्वरण नंतर, असं केलं की वरच्यासारखे घोळ होतात.

तिसऱ्या नियमाबद्दल एकच: क्रिया आणि प्रतिक्रिया कधीही एकाच वस्तूवर नसतात. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं लंब बल ही जोडी नव्हे. ती दोन्ही पुस्तकावरच आहेत आणि दुसऱ्या नियमामुळे समान आहेत.

उष्णतेतही हाच नमुना. रुद्धोष्म बदलाचं ‘दाब गुणिले आकारमानाचा गॅमा घात स्थिर’ हे सूत्र उष्णता आत-बाहेर नाही एवढ्यावर लागू होत नाही. बदल संथ, पायरीपायरीने समतोलात राहून व्हावा लागतो. आदर्श वायू रोधित डब्यातल्या पोकळीत एकदम सोडला, तर उष्णता शून्य, वायूने ढकलायला समोर काही नाही म्हणून कार्यही शून्य, म्हणून आंतरिक ऊर्जा तीच आणि तापमानही तेच. सूत्र लावलं असतं तर वायू थंड झाला असता.

उत्तर तपासण्याची हत्यारं

तत्त्वांइतक्याच कामाच्या दोन सवयी आहेत. त्यांना अभ्यासात जवळपास वेळच दिला जात नाही.

एक, टोकाच्या स्थिती. कप्पीवर दोन वस्तुमानं टांगली आहेत. त्वरण म्हणजे वस्तुमानांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले गुरुत्वत्वरण. दोन्ही समान केली तर त्वरण शून्य यायला हवं, येतं. एक शून्य केलं तर दुसरं मोकळं पडायला हवं, पडतं. कुणी चुकून बेरीज वर आणि वजाबाकी खाली लिहिली, तर समान वस्तुमानांना अनंत त्वरण मिळेल, आणि चूक पाच सेकंदांत पकडली जाईल.

दुसरी, मिती. लंबकाचा दोलनकाल कशावर अवलंबून असेल? लांबी, गुरुत्वत्वरण, कदाचित वस्तुमान. सेकंद मिळवायचे तर लांबी भागिले गुरुत्वत्वरण याचं वर्गमूळ, हा एकच मार्ग. वस्तुमान कुठे बसतच नाही. छोट्या झोक्यांसाठी पुढे २π हा गुणक लागतो. तो मितीतून मिळत नाही, समीकरण सोडवूनच येतो. १ मीटरच्या लंबकाला सुमारे २ सेकंद, हे ध्यानात ठेवा.

या सवयीची ताकद किती, याचा दाखला ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी दिला. १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीची ऊर्जा गुप्त होती. स्फोटाची छायाचित्रं मात्र पुढे जाहीर झाली, आणि त्यांवर वेळ आणि मोजपट्टी होती. आगीच्या गोळ्याची त्रिज्या ऊर्जा, हवेची घनता आणि वेळ या तिघांवरच अवलंबून असेल, तर मिती जुळवण्याचा एकच मार्ग उरतो: ऊर्जा म्हणजे घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले वेळेचा वर्ग, गुणिले एकाच्या जवळपासचा एक आकडा. तो आकडा टेलरनी स्वतंत्रपणे काढला. ०.०२५ सेकंदाला त्रिज्या सुमारे १३० मीटर होती. घनता १.२ धरून हिशेब करा: साधारण ७ वर तेरा शून्यं इतके ज्यूल, म्हणजे सुमारे १७ किलोटन. टेलर यांचे निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. आज ही ऊर्जा २० किलोटनांच्या थोडी वर धरतात. छायाचित्र आणि मितींच्या जोरावर एवढ्या जवळ पोहोचता येतं.

रोज काय करायचं

दीड-दोन तासांची एक बैठक धरा. आधी एक परिच्छेद किंवा एक सिद्धता वाचा, मग पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर ती स्वतः काढा. डाव्या बाजूला समास सोडा. जिथे काही गृहीत धरलं त्या ओळीसमोर समासात ते लिहा: ‘दोरी ताणली जात नाही’, ‘कोन लहान’, ‘हवेचा रोध नाही’. अडलात तर पुस्तक उघडा, एकच ओळ बघा, पुन्हा मिटा. याला वीस ते तीस मिनिटं द्या. शेवटी प्रत्येक अट मोडली तर सूत्राचं काय होईल, ते एकेका वाक्यात लिहा.

मग चार-पाच गणितं. वीस नकोत. आकडेमोडीला हात घालण्याआधी तीन ओळी लिहायच्या: कोणती वस्तू किंवा प्रणाली घेतली, कोणत्या दोन क्षणांच्या मधे पाहतो आहे, आणि कोणतं तत्त्व तिथे का लागू आहे. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर पुढे जाऊ नका, कारण मग तुम्ही सूत्रांची यादी चाळायला लागता. सुटल्यावर तेच गणित, जमत असेल तिथे, दुसऱ्या तत्त्वाने सोडवा. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचा वेग बलांवरूनही येतो आणि ऊर्जेवरूनही. कोणता मार्ग कधी सोपा पडतो याचा अंदाज असाच येतो. ढोबळ नियम असा: वेळ विचारला असेल तर बलं किंवा संवेग, वेग आणि अंतरच हवं असेल, वेळ नको असेल, तर ऊर्जा, टक्कर किंवा स्फोट असेल तर संवेग.

आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या धड्यांतली पंधराएक गणितं एकत्र मिसळा आणि सोडवू नका. प्रत्येकासमोर फक्त तत्त्व आणि त्याची अट लिहा. गणिताला मिनिटभर पुरे. धड्याच्या शेवटी दिलेली गणितं करताना कोणतं तत्त्व लागणार हे शीर्षकच सांगून टाकतं, म्हणून त्या सरावात ओळखायची सवय लागतच नाही. परीक्षेत शीर्षक नसतं.

चुकांची नोंद ठेवा, पण ‘सिली मिस्टेक’ हा शब्द त्यात लिहू नका. प्रणाली चुकीची निवडली, अट तपासली नाही, चिन्ह चुकलं, बीजगणित चुकलं: यांपैकी नेमकं काय ते लिहा. बऱ्याच जणांच्या नोंदींत शेवटचे दोन प्रकार भरलेले निघतात. त्यांचं फिजिक्स ठीक असतं. सदिशांचे घटक, वर्गसमीकरणं, आलेखाचा चढ आणि क्षेत्रफळ हे कच्चं असतं. अशा वेळी आणखी फिजिक्स करून फायदा नाही. दोन आठवडे तेवढं गणित पक्कं करा.

पाठ करावं लागतं ते करावंच लागतं. व्याख्या, एककं, गुरुत्वत्वरण, प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनचा प्रभार, चार-पाच आकारांची जडत्व आघूर्णं, आरसे आणि भिंगांसाठी एकच कुठली तरी चिन्हपद्धत. दोन पद्धतींची सरमिसळ केली तर तत्त्व पक्कं असूनही उत्तर उलटं येतं. परीक्षेच्या खोलीत प्रत्येक गोष्ट मुळापासून काढत बसायला वेळ नसतो, हेही खरं. पण जे सूत्र तुम्ही कागदावर अनेकदा काढलं आहे ते आपोआप तोंडपाठ होतं, आणि ऐन वेळी विसरलं तर दोन मिनिटांत पुन्हा काढता येतं.

क्रम म्हणाल तर दुसरा नियम, मग ऊर्जा, मग संवेग, आणि त्यानंतर घूर्णन. घूर्णन मुलांना वेगळा विषय वाटतो, कारण तिथे सूत्रांची नवी फौज दिसते. त्याची परीक्षा एका गणितात होते: उतारावरून न घसरता गडगडत येणारी वस्तू. उंचीची ऊर्जा पुढे सरकण्यात आणि फिरण्यात वाटली जाते. पातळ कडं असेल तर निम्मी निम्मी, आणि वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले उंची याचं वर्गमूळ. भरीव दंडगोलासाठी वर्गमुळाच्या आत चार तृतीयांश हा गुणक येतो, भरीव गोलासाठी दहा सप्तमांश. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही उडून जातात, म्हणून लहान गोळा मोठ्या कड्याच्या आधी खाली पोहोचतो. घर्षण इथे आहे, तरीही ऊर्जा अक्षय्य धरता येते, कारण टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि स्थितिक घर्षण कार्य करत नाही. उतार इतका तीव्र केला की वस्तू घसरू लागली, तर ही सवलत गेली. मग सरकण्यासाठी एक आणि फिरण्यासाठी एक अशी दुसऱ्या नियमाची दोन समीकरणं वेगवेगळी मांडावी लागतात, आणि आता मात्र घर्षण खरोखरच घर्षणांक गुणिले लंब बल एवढं असतं.